ओल्या बाळंतिणीपासून एकवीस किलोमीटरपर्यंत

मुलगी नऊ आठवड्यांची होती तेव्हा मी पहिल्यांदा धावायला बाहेर पडले. एप्रिलचा पहिला आठवडा, सकाळचे सहा. गिरगावातून चौपाटीपर्यंत चालत गेले, विल्सन कॉलेजसमोर रस्ता ओलांडला आणि मरीन ड्राइव्हच्या कट्ट्याच्या कडेने हळूहळू धावायला लागले. तारापोरवाला मत्स्यालयासमोर पोचेपर्यंत पँट ओली झाली होती, आणि तो घाम नव्हता. टीशर्ट खाली ओढत मी गल्लीबोळातून घरी आले.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, बाळंतपणानंतर होतंच असं. मला अजून होतं."

आई एकसष्ट वर्षांची आहे. म्हणजे माझ्या जन्मापासून आजपर्यंत ती शिंक आली की पाय आवळून उभी राहते, आणि हे तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. हा लेख मी लिहायला घेतला तो त्या एका वाक्यामुळे. असं अनेकींना होतं हे खरं आहे. पण त्यावर उपाय आहे, आणि तो तिला कोणी सांगितलाच नाही.

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी ती असते. तिच्यातल्या हाफ मॅरेथॉनचं अंतर २१.०९७५ किलोमीटर. बाळ झाल्यावर पुढच्या जानेवारीत ही धाव पुरी करायची असं ठरवणाऱ्या मुली आता दादरला, ठाण्याला, बोरिवलीला, सगळीकडे भेटतात. त्यांच्यापैकी बहुतेकींचा हिशोब माझ्यासारखाच असतो: सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक म्हणाले, म्हणजे आता मोकळी. मलाही तसंच सांगितलं गेलं होतं. टाके सुकलेत, गर्भाशय जागेवर आलंय, आता काहीही करा.

या "काहीही"मध्ये धावणं बसत नाही. सहा आठवड्यांची तपासणी जखम भरली का, रक्तस्राव थांबला का, रक्तदाब ठीक आहे का, हे बघते. आपल्याकडचा सव्वा महिनाही जवळपास तेवढाच. त्यानंतर बाळंतीण घरातली कामं करू शकते, चालू शकते. धावणं हा वेगळाच प्रकार आहे, कारण धावताना आपण खरं तर एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत असतो. दर उडीला जमिनीवरून वर येणारा दाब आपल्या वजनाच्या दीड ते अडीच पट असतो. एका पावलाला ८५ सेंटीमीटर धरले तर हाफ मॅरेथॉनमध्ये अशा २५ हजारांच्या आसपास उड्या होतात.

हा दाब झेलतं कोण, हे कळलं की बाकी सगळं आपोआप उलगडतं. बसल्यावर ज्या दोन हाडांवर आपण टेकतो, त्यांच्यामध्ये, पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी टांगलेली असते. डॉक्टर तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे तिन्ही त्या झोळीत बसलेले असतात. वरून श्वासाचा पडदा, पुढून आणि बाजूंनी पोटाचे स्नायू, खालून ही झोळी, असा तो चारी बाजूंनी बंद डबा आहे. पाय जमिनीवर आदळला की डब्यातला दाब वाढतो, आणि चांगली झोळी त्याच क्षणी आपोआप आवळून तो परतवते. आपल्याला कळतही नाही.

नॉर्मल डिलिव्हरीत याच झोळीच्या मधले स्नायू मूळ लांबीच्या तिपटीच्या आसपास ताणले जातात. त्यांना जाणाऱ्या नसाही ओढल्या जातात. मांडीचा स्नायू असा ताणला गेला असता तर महिनोन्‌महिने काठी धरून चालायला लागलं असतं, आणि कोणी नावही ठेवलं नसतं. झोळी पूर्वपदावर येण्याचं बरंचसं काम पहिल्या चार ते सहा महिन्यांत होतं. ते आपल्या गतीने होतं, कॅलेंडर बघून नाही. जुन्या बायका "ओली बाळंतीण" म्हणायच्या, "अंग कच्चं आहे, जड उचलू नको" म्हणायच्या. त्यांच्याकडे सोनोग्राफी नव्हती, पण निरीक्षण अचूक होतं.

सिझर झालेल्या मैत्रिणी मला सांगतात, "आमचं खालचं काही बिघडलेलं नाही." तसं नसतं. नऊ महिने बाळाचं वजन झोळीनेच पेललेलं असतं, बाळ कुठूनही बाहेर येवो. शिवाय सिझरमध्ये पोटाचा जो मजबूत पांढरा पदर कापून शिवलेला असतो, त्याची ताकद सहा आठवड्यांत मूळच्या निम्म्यापेक्षा थोडीच वर आलेली असते. सहा-सात महिन्यांनीही ती पूर्ण परतलेली असेलच असं नाही. वरचा टाका सुकून रेघ झालेला दिसतो. आतली शिवण अजून पक्की होत असते.

पोटाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्वतःच तपासता येते. चटईवर उताणं झोपायचं, गुडघे दुमडायचे, बोटं बेंबीच्या थोडी वर आडवी ठेवायची आणि डोकं हलकेच उचलायचं. पोटाचे दोन उभे स्नायू बोटांना लागतील, आणि त्यांच्यामध्ये एक फट. गरोदरपणात ती सगळ्यांचीच रुंदावते. दोनेक बोटांची फट राहिली तर घाबरण्याचं कारण नाही. त्या फटीत बोट मऊ गादीत रुतावं तसं खोल जातंय का, की खाली ताणलेल्या कापडासारखा विरोध लागतोय, हे जास्त महत्त्वाचं. आणि डोकं उचलताना पोटाच्या मधोमध डोंगराच्या धारेसारखा उंचवटा वर येत असेल तर पोट अजून दाब झेलायला तयार नाही. पोटपट्टा बांधून हे स्नायू मजबूत होत नाहीत. सुरुवातीला आधार वाटतो म्हणून बांधायला हरकत नाही, पण करकचून बांधला तर तोच दाब खाली झोळीवर जातो.

मग धावायचं कधी? २०१९ साली टॉम गूम, ग्रॉनिया डॉनेली आणि एमा ब्रॉकवेल या फिजिओथेरपिस्टनी बाळंतपणानंतर धावण्याकडे परतण्याची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. जगभरच्या फिजिओ ती वापरतात. तिचं सांगणं थोडक्यात असं: किमान १२ आठवडे धावू नका, आणि त्यानंतरही आठवडे मोजण्यापेक्षा शरीराची परीक्षा घ्या. ३० मिनिटं चालता येतं का. एका पायावर १० सेकंद उभं राहता येतं का. एका पायावर १० अर्ध्या बैठका. जागच्या जागी एक मिनिट जॉगिंग. एका पायावर १० उड्या, मग दुसऱ्या. हे करताना कुठे दुखता कामा नये, ओटीपोटात जड वाटता कामा नये आणि लघवीचा एक थेंबही गळता कामा नये. याशिवाय ताकदीच्या काही चाचण्या, प्रत्येकी २० वेळा.

त्यातली एक मला कायमची लक्षात राहिली आहे. एका पायावर उभं राहून टाच उचलायची आणि टेकवायची, २० वेळा. आमच्या चाळीच्या गॅलरीत कठड्याला एक बोट टेकवून मी ती केली. उजव्या पायावर १९. डाव्या पायावर ११, आणि बाराव्याला पोटरी थरथरून टाच खाली आली. समोर आई मुलीला मांडीवर घेऊन बसली होती आणि मोठ्याने मोजत होती. बाळंतपणापूर्वी मी दोनदा दहा किलोमीटर धावलेली, आणि आता एका पोटरीला स्वतःचं वजन वीसदा उचलवत नव्हतं. वाईट वाटलं, पण त्या अकरा आकड्याने मला जे शिकवलं ते कुठल्याही अ‍ॅपने शिकवलं नव्हतं. पुढचे दोन महिने मी ओट्याशी उभी राहून, कुकरच्या शिट्या होईपर्यंत टाचा उचलत होते.

झोळीच्या व्यायामाबद्दल बऱ्याच बायकांना फक्त "आवळा" एवढंच सांगितलेलं असतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पोटातला वारा अडवतोय आणि त्याच वेळी लघवी थांबवतोय असं वाटेल तसं सगळं आत आणि वर ओढायचं. पार्श्वभाग, मांड्या, पोट आवळायचं नाही. श्वास रोखायचा नाही. आठ-दहा सेकंद धरायचं आणि मग पूर्ण सोडायचं. हे सोडणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं आहे, कारण काहींची झोळी सैल नसून सतत ताठरलेली असते, आणि त्यांनी नुसतं आवळत राहिलं तर त्रास वाढतो. आठ-दहा वेळा सावकाश, मग तितक्याच वेळा झटपट, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करता करता मध्येच थांबवून हा व्यायाम करायचा नाही. मी प्रत्येक पाजण्याला जोडून करत असे, म्हणजे विसरायला होत नसे. मी जिच्याकडे जायचे ती फिजिओ स्त्रियांच्या याच त्रासांवर काम करते. अशा फिजिओ मुंबईत आता बऱ्याच आहेत. नीट आवळलं जातंय की उलट खाली ढकललं जातंय, हे त्यांना तपासून पाच मिनिटांत कळतं. एकदा तरी जाच, असं मी प्रत्येकीला हात धरून सांगते.

खाली काहीतरी येऊन अडल्यासारखं वाटणं, ज्याला आपल्याकडे "अंग बाहेर येणं" म्हणतात, हे लक्षण दिसलं तर धावणं लगेच थांबवून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. बंद झालेला रक्तस्राव धावल्यावर पुन्हा सुरू झाला, जांघेच्या हाडात किंवा कमरेत टोचून दुखलं, तरीही तेच. आणि सुरुवातीच्या आठवड्यांत एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल किंवा अचानक धाप लागत असेल तर थेट दवाखाना, कारण बाळंतपणानंतर रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो.

आता खाण्याकडे येते, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे होते. वजन उतरवायचं म्हणून धावायचं आणि त्याच वेळी जेवण कमी करायचं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी आणि नंतरचे सहा महिने ५२० कॅलरी जास्तीच्या लागतात. धावताना आपल्या वजनाच्या दर किलोला, दर किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी जाते. म्हणजे ६० किलोची बाई दहा किलोमीटर धावली की आणखी ६०० गेल्या. दोन्ही मिळून हा हिशोब अकराशेच्या वर जातो, आणि आपण मात्र भाकरी अर्धी करून बसतो.

शरीर ती तूट कुठून तरी भरून काढतं. पाजण्याच्या काळात आईच्या हाडांतून तसंही कॅल्शियम दुधात जात असतं. कमरेच्या आणि मणक्याच्या हाडांची घनता तीन ते पाच टक्क्यांनी उतरते आणि पाजणं थांबवल्यावर भरून येते. ही निसर्गाची सोय आहे. त्यात धावण्याचे हादरे आणि अपुरं खाणं मिळालं की हाडाला बारीक चीर जाऊ शकते. एरवी धावणाऱ्या बाईचं खाणं कमी पडलं तर पाळी चुकते, आणि तो तिला इशारा असतो. पाजणाऱ्या आईची पाळी बऱ्याचदा तशीही बंद असते. तिचा इशाऱ्याचा दिवाच विझलेला आहे, म्हणून तिने पोटभर खाल्लंच पाहिजे.

ब्रिटिश मॅरेथॉन धावपटू पॉला रॅडक्लिफचं उदाहरण लोक नेहमी देतात. जानेवारी २००७ मध्ये मुलगी झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. जे कमी सांगितलं जातं ते असं, की या दोन तारखांच्या मध्ये तिच्या माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाला चीर गेली होती आणि तिला थांबावं लागलं होतं. ती जगातली सर्वोत्तम धावपटू होती, तिच्या दिमतीला तज्ज्ञ होते.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, नाचणी, खारीक हे सगळं या हिशोबात चपखल बसतं. अळिवात लोह भरपूर, त्यावर लिंबू पिळलं किंवा नारळाबरोबर संत्रं खाल्लं तर ते अंगी लागतं. चहा मात्र जेवणाआधी-नंतर तासभर लांब ठेवायचा, तो लोह अडवतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तेव्हा धावायला लागण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात आणि सरकारी केंद्रात त्या मोफत मिळतात. दम लागतोय तो सराव कमी म्हणून की रक्त कमी म्हणून, हे आधी कळायला हवं.

"धावून आल्यावर पाजू नकोस, दूध तापलेलं असतं" असं मला तीन जणींनी सांगितलं. दूध शरीराच्याच तापमानाचं असतं. मध्यम गतीने धावल्याने त्याची चव बिघडत नाही, ते कमीही होत नाही. घाम पुसून, पाणी पिऊन पाजायचं, एवढंच. निघण्याआधी पाजून निघालं की बाळही शांत आणि छातीही हलकी. भरलेल्या छातीने धावणं फार दुखतं. ब्रा आधार देणारी हवी, पण इतकी घट्ट नको की दूध अडून गाठ होईल. धावून आल्यावर ती लगेच काढायची. छाती लाल होऊन ताप आला तर डॉक्टर. बुटांचा नंबरही पुन्हा मापून घ्या. गरोदरपणात पावलाची कमान उतरून पाऊल कायमचं लांबू शकतं. माझा अर्धा नंबर वाढला.

सरावाला मी जुलैत, मुलगी साडेपाच महिन्यांची असताना लागले. एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा, आठवड्यातून तीनदा. पुढच्या दिवशी काही गळलं नाही, जड वाटलं नाही, तरच पुढची पायरी. शिवाजी पार्कची फेरी सव्वा किलोमीटरच्या आत आहे आणि बसायला कट्टा आहे, म्हणून रविवारी तिथे. कुठेही त्रास झाला तर दहा मिनिटांत बसता येतं, हा सुरुवातीला मोठा दिलासा असतो. वेग श्वासावर ठरवायचा: सोबतीणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मुंबईत ऑक्टोबरमध्ये हा नियम सोन्यासारखा आहे. हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि नाडी तशीच चढलेली राहते. घड्याळातला पेस बघून धावलं तर चक्कर येते. मीठ घातलेलं कोकम सरबत बाटलीत घेऊन धावायचं.

अंतर दर आठवड्याला थोडंच वाढवायचं आणि दर चौथ्या आठवड्यात कमी करायचं. डिसेंबरअखेर १७-१८ किलोमीटर झाले की पुरे, शर्यतीत उरलेले निघतात. रात्री पाच तासांहून कमी झोप झाली असेल तर सकाळी धावायचं नाही, हा माझा स्वतःचा नियम होता आणि त्यापायी माझे अनेक दिवस गेले. त्याचं मला दुःख नाही. झोपेतच स्नायू दुरुस्त होतात. ऑगस्टमध्ये रजा संपली, ऑफिस सुरू झालं, आणि तरी सराव चालू राहिला तो पहाटे साडेपाच ते पावणेसात आई मुलीला घेऊन गॅलरीत फेऱ्या मारत होती म्हणून. ज्या घरात असं कोणी नाही तिथे नवऱ्याने त्या वेळेला उठायचं आहे. हे सरावाच्या वेळापत्रकात पहिल्या ओळीत लिहिलं पाहिजे.

शर्यतीच्या दिवशी मुलीला वर्षाची व्हायला थोडे दिवस होते. साडेतीनला उठून तिला पाजलं. हाफ मॅरेथॉन माहीमच्या रेती बंदराहून पहाटेच्या अंधारात सुटते, मग वांद्रे-वरळी सी लिंक, वरळी, हाजी अली. एरवी सी लिंकवर पायी जायला बंदी आहे, त्यामुळे तिथला वारा अंगावर घेण्याची संधी अशा दिवशीच मिळते. पेडर रोडच्या चढाची सगळे भीती घालतात. बाळंतिणीने जपायचं ते त्यानंतरच्या बाबुलनाथकडच्या उतारावर. उतारावर पाऊल जोरात आदळतं आणि झोळीवर ताण येतो. मी तिथे चालले.

चौपाटीला विल्सन कॉलेजसमोर आई मुलीला घेऊन उभी होती. माझी छाती दगड झाली होती. कडेला बसले, पाण्याने मान पुसली, तिला पाजलं. सात मिनिटं गेली. आईने तेवढ्यात विचारलं, "काय गं, ते?" मी मान हलवली. तीही ऑक्टोबरपासून माझ्याच फिजिओकडे जाते.

मग उठले आणि तारापोरवाला मत्स्यालयावरून पुढे गेले. कोरडी होते.